अर्ज कोणी करावा?

अपंगांच्या समतेसाठी झटणाऱ्या एखाद्याचे नाव पुरस्कारासाठी सुचवावे, असा विषय आमच्या मारुंजीच्या पारावर निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला: "त्याने अर्ज केलाय का?" सन्मान हा का मागून घ्यायचा असतो?

मुरलीकांत पेटकरांचेच पाहा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेल्या या सांगलीकडच्या जवानाने १९७२ साली हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहण्यात भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री आली २०१८ साली. अर्जुन पुरस्कार तर २०२५ साली! पदक तेच, माणूसही तोच. झोपलो होतो ते आपण.

कोणी म्हणेल, खऱ्या कर्तृत्वाला पुरस्कार कशाला? हे तत्त्वज्ञान धडधाकटाने दुसऱ्याच्या वतीने सांगू नये. नाव सुचवणे हे शेजाऱ्याचे काम. मात्र त्या कागदावर 'बिचारा' हा शब्द नको. केलेल्या कामाचा हिशेब हवा. २०१६ च्या कायद्याने दिले ते हक्क, दया नव्हे.

आणि वाचकहो, सत्काराच्या व्यासपीठाला पायऱ्यांशेजारी उतार आहे ना, तेवढे आधी पाहा. नाहीतर हार घेऊन आपण वर, आणि सत्कारमूर्ती खाली!