फ्लॅश कॅमेऱ्यावरून खाली उतरवा

स्वस्त ट्रिगर वापरतो तो हौशी आणि महागडा वापरतो तो व्यावसायिक, अशी एक वर्गवारी लग्नाच्या फोटोग्राफीत रूढ झाली आहे. कार्यशाळांत ती शिकवली जाते, दुकानांत ऐकवली जाते. तालुक्याच्या गावात नुकताच कॅमेरा घेतलेला तरुण ती खरी मानतो. ‘पैसे साठले की चांगला ट्रिगर घेईन, मग लाइटिंग शिकेन’ असं म्हणत तो फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरच ठेवतो आणि त्याची दोन-तीन वर्षं त्यातच जातात. ही वर्गवारी चुकीची आहे. तिचं नुकसान पैशात मोजण्यासारखं नाही, ते प्रत्येक फोटोत दिसतं, म्हणून तिच्या मुळाशी असलेल्या समजुती एकेक करून तपासायला हव्यात.

पहिली समजूत अशी की ट्रिगर जितका महाग तितका प्रकाश चांगला. ट्रिगर करतो काय ते पाहू. शटर उघडलं की कॅमेरा डोक्यावरच्या हॉट शूमधून इशारा देतो. शूवरचा ट्रान्समीटर तो रेडिओलहरींवरून पाठवतो, फ्लॅशला जोडलेला रिसीव्हर तो पकडतो आणि फ्लॅश उडतो. साध्या ट्रिगरचं काम एवढंच, दारावरच्या घंटेच्या बटणासारखं. प्रकाश मऊ की कडक, तो कुठून येणार, गालावर किती आणि हनुवटीखाली किती, यातलं काहीही ट्रिगर ठरवत नाही. ते ठरतं फ्लॅश कुठे उभा आहे, किती लांब आहे आणि त्याच्यापुढे छत्री आहे की नाही यावरून. दोन-तीन हजारांच्या जोडीने उडवलेला फ्लॅश आणि त्याच्या दहापट किमतीच्या जोडीने उडवलेला तोच फ्लॅश यांच्या फोटोंत फरक शोधून सापडणार नाही.

यावर उत्तर येतं की प्रकाशाचा प्रश्न नाही, भरवशाचा आहे. अंतरपाट दूर होण्याचा क्षण पुन्हा येत नाही आणि स्वस्त ट्रिगर नेमका तेव्हा चुकतो. हा आक्षेप गंभीर आहे. क्षण पुन्हा येत नाही हे खरंच आहे, आणि आक्षेपाला इतिहासाचा आधारही आहे. ‘बाल्टिमोर सन’ या अमेरिकी दैनिकातले छायाचित्रकार डेव्हिड हॉबी यांनी २००६ मध्ये छोट्या फ्लॅशचं लाइटिंग इंटरनेटवरून फुकट शिकवायला सुरुवात केली आणि जगभरच्या हौशी लोकांनी फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवले. तेव्हा व्यावसायिकांचा विश्वास पॉकेटविझार्ड या रेडिओ ट्रिगरवर होता, पण त्याच्या एका नगाला दीडशे डॉलरहून अधिक पडत आणि निदान दोन तरी लागत. ज्यांना ते परवडत नव्हतं त्यांनी हाँगकाँगहून टपालाने येणारे ४३३ मेगाहर्ट्‌झचे चिमुकले ट्रिगर मागवले. त्यांना चार चॅनेल होते, पल्ला तुटपुंजा होता आणि ते चुकत, बरेच चुकत. स्वस्त ट्रिगरची बदनामी तिथून सुरू झाली, आणि त्या काळापुरती ती रास्तच होती.

पण तंत्र तिथे थांबलं नाही. योंगनुओ कंपनीचे आरएफ-६०२ आणि त्यानंतरचे आरएफ-६०३ हे २.४ गिगाहर्ट्‌झवर चालणारे, सोळा चॅनेलचे ट्रिगर आले आणि चुकण्याचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. गोडॉक्स कंपनीने तर रिसीव्हर फ्लॅशच्या आतच बसवला. ३२ चॅनेल, त्यावर ९९ पर्यंतचे ओळखक्रमांक, त्यामुळे शेजारच्या हॉलमधल्या फोटोग्राफरचा ट्रिगर आपला फ्लॅश उडवील ही भीतीही संपली. उलट मोठ्या कंपन्यांच्या महागड्या वायरलेस यंत्रणा बराच काळ प्रकाशाच्या इशाऱ्यांवरच चालत होत्या. फ्लॅशला इशारा दिसला पाहिजे ही त्यांची अट. भर उन्हात तो दिसत नसे, खांबाआड फ्लॅश ठेवला तरी दिसत नसे. कॅननने ६००ईएक्स-आरटीमध्ये रेडिओ आणला तो २०१२ मध्ये, निकॉनने एसबी-५००० मध्ये आणला २०१६ मध्ये. म्हणजे मधली काही वर्षं उन्हातल्या कामासाठी स्वस्त वस्तू महाग वस्तूपेक्षा जास्त भरवशाची होती. किंमत आणि भरवसा हातात हात घालून चालतात हे गृहीतच इथे टिकत नाही.

आज फ्लॅश चुकतो तेव्हा कारण बहुतेक वेळा दुसरंच असतं. ट्रान्समीटरमधले सेल उतरलेले असतात. शूची चकती नीट आवळलेली नसते. बराच वेळ न वापरल्यामुळे फ्लॅश स्वतःहून झोपी गेलेला असतो, कारण मेन्यूतली ती सोय बंद करायची राहिलेली असते. पूर्ण ताकदीवर उडालेला फ्लॅश पुन्हा भरायच्या आत पुढचं बटण दाबलेलं असतं. किंवा स्टँड इतका खाली असतो की मध्ये पाहुण्यांची भिंत उभी राहते. माणसाच्या शरीरात पाणी आहे आणि २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात, म्हणून रिसीव्हर डोक्यांच्या वर राहिला पाहिजे. यातलं एकही कारण पैसे मोजून दूर होत नाही. जे पैसे मोजून दूर होतं ते मात्र मान्य करतो: स्वस्त ट्रिगरचा प्लास्टिकचा पाय तुटतो, पावसापासून त्याला संरक्षण नसतं. त्यासाठी बॅगेत दुसरी जोडी ठेवायची. दोन जोड्या मिळूनही हिशेब स्वस्तच पडतो, आणि एकुलत्या एका महागड्या ट्रिगरपेक्षा दोन साधे ट्रिगर अंतरपाटाच्या क्षणी जास्त धीर देतात.

आता माझ्या बाजूचा मुद्दा मांडतो, आणि तो प्रकाशाच्या दिशेचा आहे.

लग्नातली अक्षतांची फ्रेम घ्या. मंगलाष्टकांचं कडवं संपतं आणि मागून, बाजूने, फोटोग्राफरच्या डोक्यावरून अक्षता उडतात. फ्लॅश कॅमेऱ्यावर आहे आणि चार मीटरवरच्या वधूवरांसाठी लावलेला आहे असं धरा. अंतर निम्मं झालं की प्रकाश चौपट होतो. म्हणून कॅमेऱ्यापासून एका मीटरवर हवेत असलेल्या तांदळाच्या दाण्यावर वधूच्या चेहऱ्याच्या सोळापट प्रकाश पडतो. तो दाणा फोटोत पांढरा, फुगलेला, धूसर ठिपका होऊन बसतो, आणि असे शंभर ठिपके नेमके चेहऱ्यांवर येतात. हे कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही. आता तोच फ्लॅश बोहल्याच्या एका अंगाला, डोक्यापेक्षा वर, स्टँडवर ठेवा. कॅमेऱ्याजवळचे दाणे आता फ्लॅशपासून लांब आहेत, ते अंधारात विरतात. वधूवरांजवळचे दाणे कडेने उजळतात, प्रत्येक दाणा हवेत थांबलेला दिसतो. कॅमेरा तोच, लेन्स तीच, फ्लॅशही तोच.

पैठणीचंही तसंच. जरीची वीण धातूसारखी चकाकते. समोरून मारलेला फ्लॅश तिच्यावरून थेट लेन्समध्ये परततो आणि पदरावरचा मोर म्हणजे एक पांढरा डाग उरतो. कडेने आलेला प्रकाश विणीवरून घसरत जातो, धाग्याचा उठाव दाखवतो. जिने ती साडी महिनोन्महिने शोधून घेतली, तिला मोर दिसायला हवा. काकांच्या चष्म्यातली चमक जाते, मागच्या पडद्यावरची काळी सावली बाजूला सरकून चौकटीबाहेर पडते. हे सगळं फ्लॅश दोन मीटर बाजूला नेल्याने होतं, आणि तो बाजूला नेण्याची परवानगी ती दोन-तीन हजारांची जोडी देते.

नैसर्गिक प्रकाशाचे कट्टर समर्थक म्हणतात की फ्लॅश हे खोटं आहे, आहे ते टिपावं. पण न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या कोंदट खोल्या पत्रकार जेकब रीस यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस टिपल्या त्या मॅग्नेशियमच्या चूर्णाचा भडका उडवून, कारण त्याशिवाय तिथलं काहीच काचेच्या प्लेटवर उमटलं नसतं. १८९० मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि त्या खोल्या शहराला नाकारता येईनात. रीस यांचा प्रकाश ओबडधोबड होता, पण खोटा नव्हता. अंधारात असलेल्या माणसाला दिसतं करणं हे खोटं कसं होईल? आणि मंगल कार्यालयात ‘आहे ते’ म्हणजे काय? छतावरचे फोकस दिवे, जे डोळ्यांच्या खोबण्या काळ्या करतात, आणि स्टेजमागची जांभळी-निळी एलईडीची पट्टी, जी नवऱ्याचा एक गाल जांभळा करते. हा प्रकाश निसर्गाने दिलेला नाही, डेकोरेटरने दिलेला आहे. त्याने तो स्टेज सजवण्यासाठी लावला, चेहऱ्यांचा विचार करायची जबाबदारी त्याची नव्हतीच. ती आपली आहे.

हल्लीचे कॅमेरे अंधारातही पाहतात, आयएसओ ६४०० सहज चालतो, मग फ्लॅश कशाला, हा आणखी एक मुद्दा. आयएसओ वाढवल्याने फोटो उजळ होतो, प्रकाशाची दिशा बदलत नाही. काळी खोबण उजळ होते, खोबणच राहते. जांभळा गाल अधिक स्वच्छपणे जांभळा दिसतो.

एलईडीवाल्यांचं म्हणणं वेगळं. सतत जळणारा दिवा डोळ्यांना दिसतो, त्यामुळे शिकायला सोपा. हे मला मान्य आहे, व्हिडिओला तर दुसरा पर्यायच नाही. पण हिशेब मांडून पाहावा. ६० वॅटचा एलईडी १/२०० सेकंदात ०.३ ज्यूल ऊर्जा खर्चतो, तर चार सेलवरचा हातातला फ्लॅश पूर्ण ताकदीवर साधारण ६० ज्यूल एका दणक्यात सोडतो. विजेच्या हिशेबात हा फरक दोनशे पट होतो. एलईडी विजेचा वापर अधिक चांगला करतो हे जमेला धरलं तरी तफावत कित्येक पटींची उरते. दुपारच्या उन्हात, नदीच्या घाटावर प्री-वेडिंग करणाऱ्याला ती पावलोपावली जाणवते.

तिथेच साध्या ट्रिगरची खरी मर्यादाही येते. तो कॅमेऱ्याच्या सिंक वेगापर्यंतच, म्हणजे १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंत चालतो. त्यापुढे गेलात की चौकटीत काळा पट्टा येतो. उन्हात एफ/२ वर मागचं धूसर करायचं असेल तर हाय-स्पीड सिंक देणारा ट्रिगर आणि तसाच फ्लॅश हवा, नाहीतर लेन्सवर प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर चढवायला हवा. पण एफ/२ हा हट्ट सोडला तर? आयएसओ १००, १/२०० सेकंद, एफ/११ हे कडक उन्हाचं एक्स्पोजर. ३६ गाइड नंबरचा फ्लॅश एफ/११ ला सव्वातीन मीटरपर्यंत उन्हाशी बरोबरी करतो. छत्री लावली तर साधारण दीड मीटरपर्यंत. एका जोडप्याला एवढं पुरतं, आणि घाटाच्या पायऱ्या, देऊळ, आभाळ असं सगळं स्पष्ट दिसतं. आपण त्या घाटावर गेलो तेच घाटासाठी.

फ्लॅशची ताकद हाताने ठरवणारं मॅन्युअल अवघड, ती कॅमेऱ्याकडून ठरवून घेणारं टीटीएल हवंच, हा आक्षेप मी सर्वांत जास्त ऐकतो आणि मला तो सर्वांत कमी पटतो. फ्लॅशचं एक्स्पोजर फ्लॅश आणि माणूस यांच्यातल्या अंतरावर ठरतं, कॅमेरा आणि माणूस यांच्यातल्या नव्हे. वधूवर पाटावर बसलेले, स्टँड जागेवर. ताकद एकदा जमवली, समजा १/८, की तास-दीड तास ती हलवायची गरज नाही. तुम्ही जवळ जा, लांब जा, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जा, ॲपर्चर आणि आयएसओ तेच ठेवलेत तर एक्स्पोजर तेच राहतं. टीटीएल मात्र प्रत्येक फ्रेमला नव्याने निर्णय घेतं. चौकटीत काळी शेरवानी जास्त आली की चेहरे उडवतं, पांढरे फेटे जास्त आले की काळे पाडतं. वरातीत, जिथे नवरदेवही हलतो आणि आपणही हलतो, तिथे टीटीएल उपयोगी आहे आणि तिथे ते जरूर वापरावं. विधींच्या वेळी स्थिर मॅन्युअलइतकं निश्चिंत काही नाही.

स्वस्त ट्रिगरने कॅमेरा जळतो, ही भीती उलटी आहे. धोका जुन्या फ्लॅशचा असे. व्हिविटार २८३ च्या सुरुवातीच्या काही नगांच्या संपर्कावर दोनशेहून अधिक व्होल्ट असत, आणि तो फ्लॅश थेट शूवर किंवा तारेने जोडला तर नव्या कॅमेऱ्याला इजा होऊ शके. रेडिओ ट्रिगरमध्ये कॅमेरा आणि फ्लॅश यांच्यात तारच नाही. जळलाच तर रिसीव्हर जळेल.

राहतो जागेचा प्रश्न, आणि तो विचारणारे लोक रोज काम करणारे आहेत, म्हणून त्याचं उत्तर नीट दिलं पाहिजे. भरलेल्या कार्यालयात मुलं पळत असतात, स्टँड कुठे ठेवायचा? पडला तर कुणाच्या डोक्यावर? गर्दीत एकटा स्टँड ठेवूच नये. फ्लॅश मोनोपॉडवर लावून हेल्परच्या हातात द्यावा. आपल्याकडे लग्नात दिवा धरणारा माणूस पूर्वीपासून आहे. सनगन घेऊन व्हिडिओवाल्याच्या मागे चालणारा तो मुलगा पाहिला नाही असं लग्न मागच्या पिढीत नसेल. त्याच्या हातात हजार वॅटचा तापलेला दिवा आणि मागे लोंबणारी वायर असे. आता त्याच मुलाच्या हातात अर्धा किलोहून थोडा जास्त वजनाचा फ्लॅश येतो आणि त्याला सांगावं लागतं, ‘थोडा वर, थोडा डावीकडे, तिच्या नाकाची सावली गालापर्यंत येऊ दे.’ चार लग्नांत तो न सांगता वर नेतो. हंगाम संपेस्तोवर सावली कुठे पडणार हे तो फोटोग्राफरच्या आधी ओळखतो. त्याने उद्या स्वतःचं काम सुरू करायचं ठरवलं तर जुना कॅमेरा, एक फ्लॅश, एक छत्री आणि ती साध्या ट्रिगरची जोडी एवढ्यावर तो पुढच्या हंगामातली लग्नं घेऊ शकतो.