आजार श्वासाचा, आघात सर्वांगावर

फ्लू किंवा कोविड म्हणजे सर्दी, खोकला आणि ताप, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बहुतेकांच्या बाबतीत ती खरी ठरते. परंतु काही रुग्णांत विषाणू घशातून फुप्फुसांत उतरतो आणि मेंदू, मूत्रपिंडे व हृदय यांनाही त्याची झळ पोहोचते. हे तीन मार्गांनी घडते.

पहिला मार्ग प्राणवायूच्या अभावाचा. फुप्फुसांत ३० कोटींहून अधिक सूक्ष्म वायुकोश असतात. त्यांच्या पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात मिसळतो. या भिंती सुजल्या की वायुकोशांत द्रव साचतो आणि रक्तातील प्राणवायू घटतो. वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के असलेल्या मेंदूला सुमारे २० टक्के प्राणवायू लागतो. म्हणूनच वृद्ध रुग्ण कधी कधी फारसा ताप नसतानाही असंबद्ध बोलू लागतो किंवा गुंगीत जातो.

दुसरा मार्ग शरीराच्या प्रतिकारशक्तीचा. विषाणूशी लढताना ती बेभान झाली, तर रक्तवाहिन्यांच्या अस्तराला सूज येते आणि रक्तदाब घसरतो. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा भाग मूत्रपिंडांकडे जातो. हा ओघ आटला की रक्त गाळण्याचे कार्य मंदावते व लघवी कमी होते.

तिसरा मार्ग रक्ताच्या गुठळ्यांचा. सुजलेल्या रक्तवाहिन्यांत त्या सहज धरतात. कॅनडातील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले, की फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या ७ दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे ६ पट वाढतो.

उपचारांत वेळेचे भान किती मोलाचे, हे २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीतून स्पष्ट झाले. डेक्सामेथासोन या स्टिरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले; मात्र ज्यांना प्राणवायू द्यावा लागत नव्हता, त्यांना काहीच लाभ झाला नाही. प्रतिकारशक्तीला आवर घालणारे औषध अकाली घेतले, तर तिची आवश्यक लढाईच दुबळी होते. २०२१ मधील दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे भीषण रूप पाहिले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा अवाजवी वापर ही त्यामागील प्रमुख कारणे होती.

त्यामुळे घरातील रुग्णाचा केवळ ताप मोजणे पुरेसे नाही. ऑक्सिमीटरवरील आकडा ९४ च्या खाली जाणे, धाप लागणे, छातीत दुखणे, लघवी कमी होणे, बोलण्यात गोंधळ जाणवणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. उरलेल्या गोळ्या किंवा शेजाऱ्याची जुनी चिठ्ठी यांवर विसंबू नये. मधुमेही, हृदयरोगी व वयोवृद्ध यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. अवयव निकामी होण्यापूर्वी बहुधा काही खुणा दिसतात. त्या ओळखण्याची पहिली संधी घरच्यांनाच मिळते.