पंखा घ्यावा तो बॅटरी पाहून

गेल्या काही वर्षांत सुतार, फॅब्रिकेटर, इलेक्ट्रिशियन, ए.सी. मेकॅनिक अशा बहुतेक कारागिरांच्या पिशवीत बॅटरीवर चालणारे ड्रिल आले. आता त्याच बॅटरीवर चालणारा पंखाही हार्डवेअरच्या दुकानांत मांडलेला दिसतो. काहींना ही चैनीची वस्तू वाटते. आमचे मत तसे नाही. नव्या इमारतीत वीज सर्वात शेवटी येते, फर्निचर, पी.ओ.पी. आणि वायरिंगचे काम त्याआधी चालते. वरच्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखाली जोहरच्या सुमारास काय अवस्था होते, हे तिथे काम करणाऱ्यालाच ठाऊक. भारनियमनाच्या वेळी शिलाईच्या खोलीची किंवा गॅरेजचीही तीच गत. अशा ठिकाणी पंखा हे अवजारच आहे.

मात्र हे अवजार ज्या पद्धतीने विकत घेतले जाते, ती पद्धत तोट्याची आहे. पात्यांचा आकार, रंग आणि डब्यावरचे मोठमोठे आकडे पाहून सौदा होतो. बॅटरीचा विचार घरी आल्यावर सुरू होतो. खरे तर क्रम याच्या उलट हवा.

आधी बॅटरीचे घराणे पाहा

प्रत्येक कंपनीच्या बॅटरीचा खाचा वेगळा असतो. मकिताची १८ व्होल्टची बॅटरी डिवॉल्टच्या यंत्रात बसत नाही, डिवॉल्टची बॉशमध्ये बसत नाही. एवढेच नव्हे, एकाच कंपनीतही भेद असतात. बॉशची व्यावसायिकांसाठीची निळी आणि घरगुती वापराची हिरवी यंत्रे दोन्ही १८ व्होल्टची, तरी त्यांच्या बॅटऱ्या एकमेकांत चालत नाहीत. मकिताच्या १८ व्होल्टच्या यंत्रात तिचीच ४० व्होल्टची नवी बॅटरी बसत नाही. मेटाबो आणि इतर काही कंपन्यांनी २०१८ पासून सामाईक बॅटरीची व्यवस्था सुरू केली आहे. पण ती त्या गटापुरतीच.

म्हणून पहिला नियम असा की, आपल्याकडे ज्या घराण्याच्या बॅटऱ्या आहेत त्याच घराण्याचा पंखा घ्यावा. पंख्यासाठी नवी बॅटरी आणि नवा चार्जर घ्यावा लागत असेल तर तो पंखा स्वस्त दिसूनही महाग पडतो. आणि ज्याच्याकडे बॅटरीचे एकही यंत्र नाही, त्याने या पंख्याच्या फंदातच पडू नये. त्याच्यासाठी आतच बॅटरी असलेला साधा चार्जिंगचा टेबल फॅन पुरेसा आहे.

व्होल्टचा घोळ

बाजारात १८, २० आणि २१ असे तीन आकडे दिसतात आणि गिऱ्हाईक समजते की २१ म्हणजे सर्वात जोरदार. वस्तुस्थिती अशी की या तिन्ही बॅटऱ्यांत लिथियमचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, म्हणून पाचांचे १८. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टपर्यंत जातो, म्हणून पाचांचे २१. मधला २० हा जाहिरातीसाठी घेतलेला आकडा. डिवॉल्टची जी बॅटरी अमेरिकेत २० व्होल्ट मॅक्स म्हणून विकली जाते, तीच युरोपात १८ व्होल्ट म्हणून विकली जाते. याच न्यायाने १२ व्होल्टची छोटी बॅटरी म्हणजे तीन सेल, खऱ्या हिशेबाने १०.८ व्होल्ट.

याहून मोठी फसगत ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ, १२८ व्हीएफ असे छापलेल्या मालाची आहे. व्हीएफ हे कोणतेही माप नव्हे. असा डबा उघडला की आत बहुधा तेच पाच किंवा दहा सेल निघतात.

अँपिअर-तासाच्या आकड्यातही अशीच गफलत चालते. १८६५० या नावाने ओळखला जाणारा बोटाएवढा सेल साधारण २ ते ३ अँपिअर-तासांचा, फार तर साडेतीनचा असतो. तेव्हा असे पाचच सेल असलेल्या लहान बॅटरीवर ६ अँपिअर-तास छापले असतील तर ते खोटे आहे. एका सेलचे वजन सुमारे ४५ ग्रॅम. दुकानातल्या काट्यावर बॅटरी ठेवली तर आत पाच सेल आहेत की दहा, याचा अंदाज मिनिटभरात येतो. माल हातात तोलून घ्यायची आपली जुनी सवय इथे कामाला येते.

किती तास चालेल?

हा हिशेब दुकानदाराला विचारू नये, स्वतः करावा. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॅट-तास. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ७२ वॅट-तास. पंखा जोरात ३० वॅट खात असेल तर सव्वादोन तासांच्या आसपास चालेल. मध्यम वेगावर १२ वॅट खात असेल तर हिशेबाने सहा, प्रत्यक्षात पाच-साडेपाच तास. २ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर याच्या निम्मे. पंखा किती वॅट घेतो हे ज्या डब्यावर लिहिलेले नाही, तिथे “पंधरा तास चालतो” या वाक्याला काही अर्थ उरत नाही. ते पंधरा तास बहुधा सर्वात मंद वेगाचे असतात.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण ती हवा ढकलायला लागणारी शक्ती हिशेबाने आठवा हिस्साच उरते. मोटारीचा आणि सर्किटचा खर्च धरता प्रत्यक्षात थोडी जास्त लागते, तरीही बचत मोठी आहे. म्हणून तीन ठरावीक वेगांपेक्षा हवा तसा वेग फिरवता येणारा पंखा चांगला, आणि कार्बन ब्रश नसलेली मोटार त्याहून चांगली.

दुसरा हिशेब कामाचा. पंख्यात बसवलेली बॅटरी ड्रिलला मिळत नाही. दोनच बॅटऱ्या असतील आणि एक दिवसभर पंख्यात राहिली, तर दुपारी काम अडणार. तेव्हा पंखा घेताना ड्रिलमधून बाजूला पडलेली जुनी पण सुस्थितीतली बॅटरी त्याच्यासाठी राखावी. ड्रिलला एकदम मोठा प्रवाह लागतो, पंख्याला थोडा पुरतो. जोर कमी झालेली बॅटरी पंख्यावर आणखी बरेच दिवस काढते. वीज असेल तेव्हा अडॅप्टर लावून थेट चालणारा पंखा मिळाला तर थोडे जास्त पैसे द्यावेत. मात्र अडॅप्टर लावला की आतली बॅटरीही चार्ज होईल असे समजू नये. बहुतेक साइट-पंख्यांत ती सोय नसते.

हवा एका माणसाची

१२०० मिलिमीटरचा छताचा पंखा मिनिटाला २१० घनमीटर किंवा त्याहून अधिक हवा देतो. डिवॉल्टच्या ११ इंची साइट-पंख्याची कमाल ५०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ५०० घनफूट. घनमीटरात ते जेमतेम १४ भरतात. पंधरापट फरक आहे. याचा अर्थ पंखा वाईट असा नाही. तो एका किंवा दोघा माणसांच्या अंगावर झोत टाकण्यासाठी आहे, खोली थंड करण्यासाठी नाही. चार कारागीर बसतात त्या कारखान्यात असला एक पंखा आणून मालकाने सुटका झाली असे मानू नये. तिथे इन्व्हर्टर आणि कमी वीज खाणारे बी.एल.डी.सी. पंखे हाच मार्ग आहे. छताचा असा पंखा सुमारे ३० वॅटवर चालतो, जुना साधा ७०-८० वॅट घेतो.

बॅटरी मारणारा पंखा

स्वस्त पंख्याचा सर्वात मोठा दोष बाहेरून दिसत नाही. लिथियम सेल ठरावीक मर्यादेखाली उतरला की कायमचा बिघडतो. ड्रिल त्याआधीच बंद पडते, कारण वीज तोडणारी व्यवस्था त्यात असते. अनेक कंपन्यांनी ही व्यवस्था बॅटरीत न ठेवता यंत्रात ठेवली आहे. आता अशा बॅटरीवर भलत्याच बनावटीचा पंखा किंवा प्लॅस्टिकचा जोड-अडॅप्टर लावला आणि त्यात ही व्यवस्था नसली, तर रात्री चालू राहिलेला पंखा सकाळपर्यंत बॅटरी पार पिळून काढतो. मग चार्जर ती घेत नाही. दोन-तीनशे रुपये वाचवताना काही हजारांची बॅटरी गेली, असा हा व्यवहार होतो.

म्हणून घेण्यापूर्वी सरळ विचारावे, “बॅटरी उतरली की पंखा आपोआप बंद होतो का?” उत्तर गुळमुळीत आले तर तो माल सोडावा. बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेही पाहावे. लिथियम बॅटरीसाठीचे मानक आयएस १६०४६ हे आहे.

कुठे लावू नये

वेल्डिंगवाल्या बांधवांनी मिग वेल्डिंग करताना पंख्याचा झोत जोडावर येऊ देऊ नये. कार्बन डायऑक्साइडचे आवरण उडून जाते आणि जोड आतून पोकळ, सच्छिद्र होतो. पॉलिशवाल्यांनी थिनरच्या वाफेत ब्रशच्या मोटारीचा पंखा लावू नये, ठिणगीचा धोका असतो. शिवाय उडालेला भुसा ओल्या पॉलिशवर बसतो तो वेगळाच. जिथे कापसाचे तंतू किंवा लाकडाचा भुसा उडतो, तिथे दर आठवड्याला पंख्याची जाळी उघडून साफ करावी. आणि बॅटरी उन्हात, गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखाली ठेवू नये. गरम असताना ती चार्जरला लावू नये. उष्णता ही लिथियमची मोठी शत्रू आहे.

माणसाच्या बाबतीतही एक इशारा. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की, हवेचे तापमान ४० अंशांच्या वर गेले की नुसता पंखा अंगाला थंडावा देत नाही, उलट तापवतो. विदर्भ-मराठवाड्यात आणि खानदेशात उन्हाळ्यात पारा याच्या वर अनेकदा जातो. त्या वेळी ओला रुमाल मानेवर, भिजवलेला सदरा, पाणी आणि दुपारची विश्रांती हेच खरे उपाय. पंखा त्यांना मदत करील, त्यांची जागा घेणार नाही.

खर्च कोणाचा?

आमचा खरा मुद्दा हा आहे. आज साइटवर पंखा आणतो तो मिस्त्री, स्वतःच्या पैशाने, आणि चालवतो तो स्वतःच्या बॅटरीवर. शिकाऊ पोराला ती हवाही मिळत नाही. आमच्या मते पंख्याचा खर्च ठेकेदाराने किंवा मालकाने करावा. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामाच्या जागी हवा खेळती ठेवण्याची आणि तापमान सोसवेल असे राखण्याची जबाबदारी कारखानदारावर टाकली होती. चार-पाच माणसांच्या कामाला तो कायदा लागू झाला नसेल, पण त्यामागचा विचार लहान कामालाही लागू पडतो. मिस्त्रीची एका दिवसाची मजुरी आणि पंख्याची किंमत शेजारी-शेजारी मांडून पाहावी. उन्हाने दोन-तीन माणसे दोन-चार दिवस घरी बसली की किती नुकसान होते, तेही मांडावे. पाणी, दोर आणि पालक जसे ठेकेदाराच्या खात्यात पडतात, तसा पंखाही पडावा. अंदाजपत्रकात त्याची एक ओळ घातली तर गिऱ्हाईकही हरकत घेत नाही.

दुकानदारांसाठी दोन शब्द

हार्डवेअरच्या व्यापाऱ्यांनी पंखा विकताना गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न “तुमच्याकडे कोणती बॅटरी आहे?” हा विचारावा. पंखा विकण्यापेक्षा बसणारा पंखा विकणे फायद्याचे, कारण परत आलेला माल आणि गेलेले गिऱ्हाईक दोन्ही महाग पडतात. २१ म्हणजे १८ हे स्वतःहून सांगणाऱ्या दुकानावर मिस्त्री लोक विश्वास ठेवतात, आणि ड्रिलचे बिट, स्क्रू, डिस्क यांची रोजची खरेदीही तिथेच करतात. पक्के बिल द्यावे. हमी मागायची वेळ आली तर बिलाशिवाय काही चालत नाही.

फुगलेली किंवा मेलेली बॅटरी भंगारात तशीच टाकू नये. या व्यवसायात आपले अनेक बांधव आहेत, आणि दाबल्या गेलेल्या लिथियम सेलने गोदाम पेटू शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी गोळा करून तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. तेव्हा ती वेगळी ठेवून विक्रेत्यामार्फत परत करावी.

थोडक्यात, खरेदीला जाताना आपली बॅटरी बरोबर न्यावी, दुकानात ती पंख्यात बसवून पाच मिनिटे चालवून पाहावी, वॅट विचारावे, आपोआप बंद होण्याची सोय विचारावी आणि मगच पैसे मोजावेत. ठेकेदाराच्या कामावर जात असाल तर ते पैसे त्याने मोजावेत, हेही आधीच बोलून घ्यावे.