जिद्दीचं कौतुक पुरे, हप्त्याचं बोला!

परवा आमच्या बचत गटाच्या बैठकीला शहरातून एक पाहुण्या ताई आल्या होत्या. लॉकडाऊनमध्ये मी मास्क शिवले हे कळल्यावर म्हणाल्या, ''संकटातून संधी कशी साधावी, हे तुमच्याकडून शिकावं!'' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले. घरी आल्यावर मात्र विचार करत बसले. कसली संधी साधली मी? चूल पेटती ठेवली, एवढंच!

माकणीत माझं ब्लाऊज आणि पिको-फॉलचं छोटंसं काम आहे. वर्षाची खरी कमाई लग्नसराईतली. २५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाऊन लागला आणि लग्नंच थांबली. चौदा ब्लाऊज शिवून तयार, पण न्यायला कुणी येईना. मग अस्तराचं सुती कापड काढलं आणि मास्क शिवायला बसले. इलॅस्टिक मिळेना, तर कापडाच्याच नाड्या लावल्या. राज्यभर बचत गटांच्या बायका तेव्हा हेच करत होत्या. दोन महिने मशीनला उसंत नव्हती.

पुढचं मात्र कुणी विचारत नाही. बाजारात तयार मास्क आले आणि भाव पडला. एका ठिकाणी दिलेल्या मालाचे पैसे चार महिन्यांनी हातात पडले. मग लोकांच्या जुन्या साड्यांच्या वाकळा शिवायला घेतल्या. मजुरी कुणी रोख दिली, कुणी ज्वारी दिली. ज्वारीने पोट भरतं हो, पण कर्जाचा हप्ता ज्वारीत कोण घेणार?

सासूबाई म्हणाल्या, ''अगं, आम्ही तर याहून वाईट पाहिलंय.'' ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर ही गावं उद्ध्वस्त झाली. हजारो माणसं गेली. पुढे घरांची बांधकामं सुरू झाली, तेव्हा सासूबाईंनी गवंडी आणि मजुरांना भाकरी आणि शेंगाची चटणी करून विकली. त्याला कुणी उद्योग म्हटलं नाही, पण त्यावर घर चाललं.

त्याच पुनर्वसनात एक मोठी गोष्ट घडली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून कामाला घेतलं. घरदुरुस्ती कशी करायची, मदत कशी मिळवायची, हे त्या गावाला समजावून सांगत. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोगाचा यात मोठा वाटा होता. त्यातूनच पुढे बचत गट उभे राहिले. दुष्काळात याच संस्थेने बायकांना घरच्या शेतातला एखादा एकर मागायला शिकवलं. त्यात ऊस नाही, सोयाबीन नाही, तर भाजी, डाळी, धान्य घ्यायचं. कमी पाण्यात येईल आणि आधी घरात खाल्लं जाईल, असं. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच वर्षी या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

यातून मला एवढंच कळलं, की बाई संकटात धंदा बदलते ती नुसत्या जिद्दीवर नाही. तिच्या हाताशी काहीतरी असावं लागतं. कुणाकडे गट असतो, कुणाकडे एकरभर जमीन, कुणाकडे चार पैसे. ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं, त्यांच्या मशिनी विकल्या गेल्या. त्यांच्यासाठी कोण टाळ्या वाजवणार?

आणि हप्त्याचं म्हणाल, तर २०२० मध्ये मार्च ते ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलायची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली होती. पण त्या काळातलं व्याज सुरूच होतं. 'हप्ता माफ झाला' असं समजून कितीजणी निर्धास्त राहिल्या! नंतर आकडा पाहून डोळे पांढरे झाले.

आणखी एक दुखणं घरातलंच आहे. संकट आलं की पहिला हात बाईच्या गल्ल्यात जातो. तिचं भांडवल हे कुणाला भांडवल वाटतच नाही. बियाणं असो की दवाखाना, 'तुझ्याकडचे दे, नंतर बघू.' ते 'नंतर' कधी येत नाही. द्यावं लागतं, मी पण दिलंय. पण वहीत 'उसने' म्हणून लिहून दिलं. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. तरी त्यातले निम्मे परत आले, ते वहीमुळेच.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत दोनच विषय घ्या. गटाच्या बचतीतला थोडा भाग फक्त आपत्तीसाठी वेगळा ठेवायचा. आणि कर्जाची सवलत आली की 'व्याजाचं काय?' हे सही करण्याआधी विचारायचं. पाहुण्या ताई पुन्हा आल्या, तर मी त्यांनाही हेच सांगणार आहे. चहा झाल्यावर.