बांधावरचा निंब आणि हुमणी



उसाला हुमणी लागली की आपल्याकडे पहिली कुऱ्हाड पडते ती बांधावरच्या निंबावर. "या झाडामुळेच कीड येते बुवा," असं एकजण म्हणतो, दुसरा मान डोलावतो, आणि आजोबांच्या हातचा निंब लाकूडवाल्याच्या ट्रॅक्टरमध्ये जाऊन पडतो. माझ्या मते हा प्रकार 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' यातला आहे. तो का, हे थोडे सविस्तर मांडतो.

आधी निंबावरचा आरोप तपासू. आरोप अगदीच खोटा नाही. वळवाचा किंवा मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की जमिनीत दडून बसलेले तपकिरी भुंगेरे तिन्हीसांजेला बाहेर पडतात आणि जवळच्या निंब, बाभूळ, बोरीवर जाऊन बसतात. तिथे पाला खातात, तिथेच नर-मादीचे मीलन होते आणि पहाटेच्या आत ते पुन्हा मातीत शिरतात. एक मादी साधारण ५० ते ६० अंडी मातीत घालते. दहा-बारा दिवसांत अळी निघते, तीच आपली हुमणी. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात ती उसाच्या मुळ्या कुरतडते आणि मग हाताने ओढले तरी बेट उपटून येते. झाडाजवळच्या सऱ्यांत अळ्या जास्त सापडतात, हेही खरे आहे.

पण झाड तोडल्याने काय साधते? जमिनीतला भुंगेरा जमिनीतच राहतो. निंब नसला तर तो बाभळीवर जातो, आपली बाभूळ नसली तर शेजाऱ्याच्या बोरीवर जातो. खाऊन परत येतो तो पुन्हा ओल्या मातीतच. म्हणजे कीड हटत नाही, फक्त तिच्या जेवणाचा पत्ता बदलतो. आणि आपल्या हातून जातो तो तिला पकडण्याचा एकमेव ठिकाणा. एकरभर उसाच्या मातीत अळ्या शोधायच्या म्हणजे महाकर्म. तेच भुंगेरे पावसानंतरच्या संध्याकाळी एका झाडावर आपणहून गोळा होतात. अशा झाडाला शत्रू म्हणावे की सापळा?

झाडावरून झाडावर सरकत जाणाऱ्या किडीचा धडा आपल्याला याआधीही मिळाला आहे. सुबाभूळ आठवा. बायफसारख्या संस्थांनी चारा आणि जळणासाठी या झाडाचा प्रसार केला. बांध, पडीक रान, रस्त्याची कड, जिथे पाहावे तिथे सुबाभूळच. या झाडाचे मूळ मध्य अमेरिकेकडचे, आणि त्याच्या कोवळ्या शेंड्यातला रस पिणारी बारीक कीडही तिकडचीच. ही कीड १९८४ मध्ये हवाई बेटांवर पोचली, तिथून फिलिपाइन्स, इंडोनेशिया अशी बेटे ओलांडत १९८८ मध्ये दक्षिण भारतात आली. पुढे तिला वाट आपणच घालून दिली होती. एकाच जातीची झाडे रांगेने उभी होती, तिला नुसते एका शेंड्यावरून दुसऱ्यावर जायचे होते. त्यावर उपाय म्हणून कोणी देशभरची सुबाभूळ तोडली नाही. तिला खाणारे ढालकिडे बाहेरून आणून सोडले गेले.

पपईवरचा पिठ्या ढेकूणही असाच पाहुणा. मेक्सिकोकडची ही कीड २००८ मध्ये कोइमतूरला दिसली आणि दोन वर्षांत पुण्याच्या बागांत आली. पपई नसेल तर तुती, जास्वंद, नाही तर बांधावरचे गाजर गवतसुद्धा तिला चालते. वारा, मुंग्या, रोपे आणि फळांच्या गाड्या यांच्याबरोबर ती पसरते. तिला आवर घातला तो २०१० मध्ये पोर्तो रिकोहून आणलेल्या चिमुकल्या परोपजीवी माशीने. आणि उसावरचा लोकरी मावा कोण विसरेल? ईशान्येकडची ही कीड २००२ साली सांगली भागात उतरली. बेण्याच्या मोळ्यांबरोबर आणि पाल्याबरोबर ती गावोगाव गेली. शेवटी कामाला आल्या त्या मावा खाणाऱ्या मित्रकिडी.

हुमणी परदेशी नाही, ती इथलीच आहे. पण तीनही उदाहरणांतून निघणारा अर्थ तिलाही लागू पडतो. कीड एका शेताची हद्द मानत नाही, गट नंबर वाचत नाही. आणि तिला खाणारे जीव जिथे टिकतात, तिथे ती माजत नाही. नांगरामागे फिरणारे बगळे, साळुंक्या, कोतवाल, कावळे हे हुमणीचे खरे वैरी. निंब पाडला तर त्यांनी बसायचे कुठे?

म्हणून माझ्या सूचना अशा आहेत.

एक, पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या चार-पाच संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान सबंध शिवाराने एकाच वेळी झाडे हलवावीत. खाली कापड अंथरून पडलेले भुंगेरे वेचावेत आणि साबणाच्या किंवा रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. अंडी घालण्याआधी शंभर माद्या वेचल्या तर पाच हजार अंडी मातीत पडायची वाचतात. आठवडा उलटल्यावर केलेली धावपळ फुकट जाते.

दोन, शेतकी खात्याने पावसाची वर्दी येताच चिटबॉयमार्फत गावोगाव दवंडी द्यावी, आणि वेचलेले भुंगेरे किलोवर विकत घ्यावेत. शाळकरी पोरेसुद्धा हौसेने लागतील. उसाचे जे टनेज मार खाते त्यापुढे हा खर्च किरकोळ आहे.

तीन, कच्चे शेणखत शेतात टाकू नये. उकिरडा उकरताना अळ्या दिसल्या तर वेचूनच खत भरावे. मेटारायझियम बुरशी टाकायची तर ती अळ्या लहान असताना आणि जमिनीत ओल असताना. सप्टेंबरात बेट वाळल्यावर केलेला कोणताही खर्च वरातीमागून घोडे ठरतो.

चार, बांधावर नवी झाडे लावताना एकाच जातीची रांग धरू नये. निंबाजवळ चिंच, आंबा, जांभूळ, सातपुड्याच्या पायथ्याला तर आपला अंजन, अशी मिसळ असावी.

यात एक अडचण आहे ती लपवत नाही. दहा शेतकऱ्यांनी झाडे हलवली आणि अकराव्याने नाही, तर त्याच्या झाडावरचे भुंगेरे दहांच्या उसात उतरतात. त्याचा निंब तोडून हा प्रश्न सुटणार नाही. त्याला हाताला धरून बरोबर घ्यावे लागेल. आपण सहकारात आलो ते कशासाठी? नुसते गाळप आणि भाव यांसाठीच नव्हे. 'गाव करी ते राव न करी' हे आपल्या वडिलांनी जाणले, म्हणून कारखाने उभे राहिले. हुमणीसारखी कीड हा तर एकट्याने न सुटणारा प्रश्न. येत्या वार्षिक सभेत पाऊस पडण्याआधीच या मोहिमेचा ठराव यावा आणि प्रत्येक गटाने आपल्या शिवाराची जबाबदारी घ्यावी, अशी माझी विनंती आहे. तोपर्यंत कुऱ्हाड खुंटीवर राहू द्या.