जुना डिजिटल पियानो घेताना: टोन मोजू नका, पट्ट्या दाबून बघा

सुट्ट्या जवळ आल्या की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो. "बाई, मुलीला पियानोच्या क्लासला घातलंय, घरी कोणता कीबोर्ड घेऊ?" परिपाठाला पेटी वाजवते म्हणून मला विचारतात. बहुतेकांनी मोबाइलवर काहीतरी निवडलेलंही असतं. ६१ पट्ट्या, शेकडो टोन, तयार ताल, नवा कोरा खोका. माझं उत्तर ऐकून चेहरा जरा उतरतो, कारण मी म्हणते, थोडे पैसे आणखी घाला किंवा थोडं थांबा, पण वापरलेला का होईना, डिजिटल पियानोच बघा.

कारण पेटीवरून सांगते. पेटीची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज लहान-मोठा होतो तो भात्यामुळे. पियानोत पट्टीच्या मागे हातोडी असते आणि ती तारेवर आदळते. बोट किती वेगाने पडलं त्यावर आवाज ठरतो. म्हणजे पेटीवर भात्याचा हात जे काम करतो, ते पियानोवर दहाही बोटांना करावं लागतं. चांगल्या डिजिटल पियानोत तार नसली तरी पट्टीला तसंच वजन दिलेलं असतं. साध्या कीबोर्डच्या पट्ट्या स्प्रिंगवर असतात, हलक्या. त्यावर घरी सराव केलेलं मूल क्लासमधल्या पियानोवर बसलं की बोटं अडखळतात. मग ते म्हणतं, मला जमत नाही. काही महिन्यांत क्लास बंद, कीबोर्ड कपाटावर, आणि घरात ठरतं की "हिला कशातच चिकाटी नाही". हे मला फार लागतं. पोरीची चिकाटी आपण चुकीच्या वस्तूवर तपासलेली असते.

एकाच कंपनीची दोन वाद्यं घ्या. यामाहाच्या पीएसआर-ई३७३ मध्ये ६२२ टोन आहेत, वजन ४.६ किलो. त्याच कंपनीच्या पी-४५ या साध्या डिजिटल पियानोत टोन फक्त १०, पण पट्ट्या पूर्ण ८८, वजनदार, आणि वाद्य भरतं ११.५ किलो. जाहिरातीत पहिलं श्रीमंत दिसतं. शिकणाऱ्याच्या कामाचं दुसरं. (डेमोचं बटण नसतं तर निम्म्या घरांतली भांडणं मिटली असती, असं मला कधी कधी वाटतं. मूल वाजवत नाही, बटण वाजतं.)

अर्थात क्लासमध्ये नक्की काय शिकवतात ते आधी विचारा. ट्रिनिटीच्या परीक्षांत पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे वेगवेगळे विषय आहेत. कीबोर्डचा क्लास असेल तर ताल असलेला कीबोर्डच लागेल. आणि मूल शास्त्रीय गाणं शिकत असेल तर पेटी घ्या, विषय संपला.

आता जुनं घ्यायचं म्हणजे काय बघायचं. डिजिटल पियानोला तारा नाहीत, त्यामुळे सूर उतरत नाही. झिजतं ते पट्ट्यांच्या आत. प्रत्येक पट्टीखाली रबराचे छोटे संपर्क असतात. ते एकामागून एक टेकतात आणि मधल्या क्षणावरून यंत्र तुमच्या बोटाचा वेग ओळखतं. धूळ किंवा ओल शिरली की एखादी पट्टी मुकी होते, किंवा हळू दाबली तरी ओरडते. म्हणून विकणाऱ्याने सुंदर गाणं वाजवून दाखवलं तर कौतुक करा आणि मग स्वतः डावीकडून उजवीकडे ८८ पट्ट्या एका बोटाने, एकसारख्या हळू दाबा. काळ्याही. मग पुन्हा जोरात. मध्येच एखादी मोठी वाजली, दोनदा वाजली, खाली राहिली तर लक्षात येईलच. यासाठी वाजवता येण्याची गरज नाही, कान हवेत. आधी सेटिंगमध्ये स्पर्शाची सोय चालू आहे ना तेवढं बघा, ती बंद असेल तर सगळ्याच पट्ट्या एका आवाजात वाजतात आणि दोष लपतो.

मग आवाज पूर्ण कमी करून वाजवा. लाकूड आपटल्यासारखी खटखट सगळीकडे सारखी असेल तर फारशी काळजी नको, पण मधल्याच पट्ट्या जास्त खटखटत असतील तर आतला नमदा झिजलाय. पेडल लावून बघा, हेडफोन लावून बघा. फ्लॅटमध्ये शेजारी आहेत, हेडफोनची जागा बिघडलेली परवडणार नाही. खर्जाच्या पट्ट्या मोठ्या आवाजात वाजवून स्पीकर फरफरतो का ऐका.

जाहिरातीतल्या "वेटेड" शब्दावर विश्वास नको. "टच सेन्सिटिव्ह" म्हणजे वेटेड नव्हे. खालच्या बाजूचा मॉडेल नंबर वाचा आणि कंपनीची माहिती शोधा. परदेशातून आणलेलं वाद्य असेल तर व्होल्टेज वाचल्याशिवाय प्लग लावू नका. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची आहे, आपली २३०. कोकणातल्या किंवा पावसाळ्यात बंद खोलीत पडलेल्या वाद्याबाबत जास्त चिकित्सा करा. कडेचे स्क्रू गंजलेले दिसले तर मी तरी घेणार नाही.

किमतीचं माझं गणित सरळ आहे. तेच किंवा त्याच्या जागी आलेलं मॉडेल आज नवं केवढ्याला मिळतं ते बघायचं. अ‍ॅडॅप्टर, पेडल, स्टँड यांपैकी जे मिळत नाही त्याचे पैसे वजा करायचे. एवढं करूनही नव्यापेक्षा एक तृतीयांश तरी स्वस्त पडत नसेल तर वॉरंटीसह नवंच घ्यावं.

आणि घरी आणल्यावर ते जेवणाच्या टेबलावर ठेवू नका. टेबल सुमारे ७५ सेंटिमीटर उंच, त्यावर वाद्याची उंची, म्हणजे दुसरीतल्या मुलाचे खांदे कानाला लागणार. पट्ट्या जमिनीपासून ७२ ते ७५ सेंटिमीटरवर याव्यात, कोपर साधारण पट्ट्यांच्या पातळीत. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा.