मुरलेल्या मिस्त्रीला कोण शिकवणार?

साइटवर नवा बिगारी आला की त्याला हेल्मेट मिळते, गेटवर चार सूचना ऐकवल्या जातात, रजिस्टरवर अंगठा घेतला जातो. पंधरा वर्षे सेंट्रिंग करणाऱ्या मिस्त्रीला मात्र कोणी काही शिकवायला जात नाही. त्याला सगळे येते, असे आपण धरून चालतो. काम त्याला येतेच. पण स्लॅबच्या उघड्या कडेला सर्वांत आधी तोच चढतो आणि शटरिंग खोलायलाही तोच जातो. धोक्याच्या जागी सर्वाधिक तास काढणारा माणूस प्रशिक्षणातून सुटतो, हे चुकीचे आहे.

बेल्टचेच घ्या. फुल बॉडी हार्नेस आता बऱ्याच साइटवर दिसतो. तपासणी करणारा तो अंगावर आहे ना, एवढेच पाहतो. हुक कुठे आहे? पुष्कळदा पायाशी, बाहेर आलेल्या सळईत किंवा शटरिंगच्याच पाइपात. आता हिशेब करा. दोर साधारण १.८ मीटर. शॉक अब्जॉर्बर उघडला की आणखी १.७५ मीटरपर्यंत. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर. बेरीज पाच मीटरच्या वर जाते आणि पहिला स्लॅब जमिनीपासून तीन मीटरवर असतो. बेल्ट घातलेला माणूस दोर ताणला जाण्याआधीच जमिनीवर आदळेल. हाच हुक डोक्याच्या वर, भक्कम लाइफलाइनला असेल तर पडण्याचे अंतर कितीतरी कमी होते. हे पोस्टर लावून कळत नाही. त्याच कडेवर उभे राहून, दोर हातात घेऊन दाखवावे लागते.

दोराने झेलल्यावरही काम संपत नाही. लटकलेल्या माणसाचे रक्त पायांत साचू लागते आणि काही मिनिटांतच जिवावर बेतू शकते. त्याला खाली कोण घेणार, कशाने घेणार, हे टोळीतल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक हवे. अग्निशमन दलाला फोन करू, हे त्याचे उत्तर नव्हे.

कायद्याचा आधार इथे तोकडा पडतो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने सुरक्षा अधिकाऱ्याची सक्ती ५०० कामगारांपासून केली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा २५० वर आली. तीस-चाळीस माणसांची साइट दोन्हीकडे बाहेरच राहते, आणि आपल्यापैकी अनेकांच्या साइट तेवढ्याच आहेत.

खरी अडचण पैशाची आहे. सेंट्रिंगचे काम स्क्वेअर फुटाच्या दराने दिले जाते. अर्धा तास शिकण्यात गेला तर तो टोळीच्या खिशातून जातो. मग मुकादम टाळाटाळ करणारच, आणि त्याला दोष देता येणार नाही. हा खर्च ठेकेदाराने दरपत्रकातच धरायला हवा. शिकवणाराही टोळीची भाषा बोलणारा, स्वतः कडेवर काम केलेला असावा.

पुढच्या स्लॅबचे शटरिंग सुरू होण्याआधी टोळीला अर्धा तास थांबवा. त्या वेळेची मजुरी द्या. आणि हुक कुठे लावायचा, हे मिस्त्रीच्या हातून करून घ्या.